समुद्राच्या घरी पाहुणी म्हणून

मैत्रिणींनो, दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होऊ लागले की घरोघरी एकच विषय निघतो, तो म्हणजे सहलीचा. मुलांना सुट्टी असते, यांची रजा शिल्लक असते, पण जायचं कुठे? देवदर्शन झालेले असते, थंड हवेची ठिकाणेही पाहून झालेली असतात. समुद्रावर जायचे म्हटले, तर वाळूत बसायचे, भेळ खायची, मुलांची ओली कपडे पिळायची आणि परतायचे, यापलीकडे आपली मजल जात नाही.

म्हणून आज मालवणविषयी लिहिते आहे. किल्ला पाहायचा असो, पाण्याखालची सृष्टी पाहायची असो, की दर्यावर पोट असलेल्या माणसांचे रोजचे जगणे पाहायचे असो, मालवणला हे सगळे हाकेच्या अंतरावर आहे. मात्र तेथे कसे जायचे याबरोबरच, गेल्यावर कसे वागायचे हेही आज सांगणार आहे. कारण मालवणचा समुद्र म्हणजे मोकळे मैदान नव्हे. ते कुणाचे तरी घर आहे, आणि आपण तेथे पाहुण्या आहोत.

कुंपण नसलेले अभयारण्य

१९८७ साली शासनाने मालवणचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यातला तीन चौरस किलोमीटरहून थोडा अधिक भाग हा गाभ्याचा, म्हणजे सर्वांत जपण्याचा. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड हे दोन्ही या गाभ्यातच येतात.

अभयारण्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे साग, वाघ, हरणे आणि जीपगाडी येते. येथे त्यातले काहीच नाही. कुंपण नाही की फाटक नाही. वर पाहावे तर निळे पाणी, चार होड्या आणि किल्ल्याचा तट. सारे रान आहे ते पाण्याखाली. म्हणून तर पुष्कळजणी किल्ला पाहून येतात आणि आपण अभयारण्यात जाऊन आलो, हे त्यांना कळतही नाही!

किल्ला आणि खडक

धक्क्यावरून होडीत बसले की दहा-पंधरा मिनिटांत किल्ला येतो. होडी सरळ का जात नाही, वळणे घेत का जाते, असे मुले विचारतील. त्यांना सांगा, की या पाण्यात जागोजागी बुडालेले खडक आहेत. वाट ठाऊक असलेल्यानेच तेथून होडी न्यावी. परक्याचे मोठे जहाज आले तर ते आपटलेच म्हणून समजा.

शिवाजी महाराजांनी नेमकी हीच जागा निवडली, यात त्यांची दृष्टी दिसते. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला गेला आणि सुमारे तीन वर्षांत, १६६७ साली, तो उभा राहिला. बांधकाम हिरोजी इंदुलकर यांच्या देखरेखीखाली झाले. बेट सुमारे ४८ एकरांचे, तट साधारण तीन किलोमीटर लांबीचा, तीस फूट उंचीचा. पायाच्या दगडांत शिसे ओतले, असे सांगतात. साडेतीनशे वर्षे लाटांचा मार खाऊनही तट उभा आहे. आपल्याकडे घराची गच्ची दोन पावसाळ्यांत गळू लागते, हे आठवले की त्या कारागिरांना मनोमन हात जोडावेसे वाटतात.

दरवाजाही असा, की होडीतून पाहिले तर दिसतच नाही. दोन बुरुजांच्या आड वळण घेऊन आत जावे लागते. आत शिरल्यावर चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे आहेत, त्यांवर लहान घुमट्या आहेत. पुढे शिवराजेश्वराचे मंदिर. ते राजाराम महाराजांनी १६९५ साली बांधले. तेथली महाराजांची मूर्ती आपल्या नेहमीच्या चित्रांतल्यासारखी नाही. दाढी नाही, डोक्यावरचे शिरोभूषणही दर्यावर्दी माणसाला शोभेल असे. दर्यावरच्या माणसांनी महाराजांना आपल्यातले मानले, असे ती मूर्ती पाहताना वाटते.

दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी मुलांना अवश्य दाखवा. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये गोड पाण्याच्या विहिरी! मुलांना जादू वाटेल. पण पावसाचे मुरलेले पाणीच येथे साठून राहते. बांधणाऱ्यांनी भिंतीइतकाच पाण्याचा विचार केला होता. पाण्यावाचून घर नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

पुढे १७६५ साली इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्याचे नाव बदलून फोर्ट ऑगस्टस ठेवले. लवकरच तो कोल्हापूरकरांना परत मिळाला, आणि १८१२ च्या तहाने पुन्हा इंग्रजांकडे गेला. राज्ये आली नि गेली. इंग्रजांनी दिलेले नाव आज कुणाच्या तोंडी नाही, सिंधुदुर्ग हेच नाव टिकले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात सिंधुदुर्गही आहे. आणि हो, किल्ला ओसाड नाही, बरं का! काही कुटुंबे अजून आत राहतात. दारातली तुळस, वाळत घातलेली धुणी पाहून थबकायला होते. त्यांच्या अंगणात विचारल्याशिवाय शिरू नये, की न विचारता त्यांचे फोटो काढू नयेत. आपल्या घरात कुणी असे डोकावले तर चालेल का आपल्याला?

पाण्याखालचे बिऱ्हाड

आता ज्या खडकांनी किल्ला राखला, त्याच खडकांकडे पाहू. त्यांच्यावर प्रवाळांची वस्ती आहे. प्रवाळ हा दगड नव्हे आणि झाडही नव्हे. तो प्राणी आहे. मुगाच्या दाण्याएवढे, कधी त्याहूनही बारीक जीव हजारोंनी एकत्र राहतात आणि स्वतःभोवती चुन्याचे घर बांधतात. पिढ्यान्‌पिढ्या घरावर घर चढते. यातल्या काही जाती वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे आपल्या पोळपाटाएवढा प्रवाळ तयार व्हायला दहा-पंधरा वर्षेही लागू शकतात, आणि पाय देऊन तो मोडायला क्षणही लागत नाही.

प्रवाळांच्या फटींतून माशांची पिल्ले लपतात, खेकडे राहतात. भोवती समुद्रशेवाळाची बने असतात. खाडीच्या काठी कांदळवन असते, त्यातही मासे आणि कोळंबीची पोरे वाढतात. तिवराची मुळे चिखलातून खिळ्यांसारखी वर आलेली दिसतील. ती हवा घेण्यासाठी असतात. कांदळवनातल्याच पांढऱ्या चिपीला २०२० साली महाराष्ट्राने आपला राज्य कांदळवृक्ष म्हणून निवडले. आपल्या ताटात येणारी कितीतरी मासळी या चिखलात लहानाची मोठी झालेली असते. म्हणून कांदळवन पाहून "शी, किती चिखल!" म्हणून नाक मुरडू नका. ते समुद्राचे बाळंतिणीचे दालन आहे.

ज्यांच्या पोटाचा प्रश्न आहे त्यांचे काय?

येथवर सगळे छान वाटते. पण आता जे लिहिते, ते थोडे विचार करून वाचा.

अभयारण्य जाहीर झाले, तेव्हापासून मालवणच्या मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला आहे. कारण समजायला कठीण नाही. या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकणारी ही माणसे. गाबीत समाजातल्या कितीतरी घरांच्या पूर्वजांनी मराठ्यांच्या आरमारात चाकरी केली. उद्या कुणी सांगितले, की येथे मासे धरायचे नाहीत, तर चूल कशी पेटणार? आणि चूल पेटवायची चिंता कुणाला असते, हे मी तुम्हांला वेगळे सांगायला नको. नवरा दर्यावर जातो, पण मासळी निवडणे, विकणे, सुकवणे, आलेल्या पैशांत घर चालवणे हे सगळे बाईच्या अंगावर असते.

म्हणून "हे लोक निसर्गाचे शत्रू आहेत" असे कुणी सहज बोलले, तर त्याला जरूर थांबवा. रापण ओढणारे लोक किनाऱ्यावर उभे राहून, पाच-पन्नास हातांनी मिळून एक जाळे ओढतात आणि आलेली मासळी वाटून घेतात. त्यांचेही भांडण आहे ते मोठमोठ्या पर्ससीन जाळ्यांशी, जी अख्खा थवाच्या थवा वेढून उचलतात. त्या मासेमारीवर राज्य शासनाने २०१६ साली कडक मर्यादा घातल्या, त्यामागे या लहान मच्छीमारांची ओरड होती. समुद्र रिकामा झाला तर सर्वांत आधी उपास यांना पडणार, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

मग प्रवाळ राखायचे की माणसांचे पोट? मला वाटते, प्रश्न असा मांडणेच चूक आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी एक गोष्ट आहे. गलबतांना लाकूड तर हवेच. पण रयतेच्या आंब्या-फणसाच्या झाडांना हात लावायचा नाही, कारण ती झाडे लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे जुने झाड घ्यावेच लागले, तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यायचे. राज्याचे काम कितीही मोठे असो, झाड जपायचे आणि धन्याचे मनही जपायचे, असा त्याचा अर्थ. समुद्र जपतानाही हीच रीत हवी. ज्यांच्या दारात अभयारण्य आहे, त्यांना राजी केल्यावाचून ते कागदावरच राहते. आणि त्यांच्या हाताला काम मिळाले, तर तेच त्याचे उत्तम राखणदार होतात. दक्षिणेला वेंगुर्ल्यात मांडवी खाडीवर बायकांच्या बचत गटाने होड्यांतून पाहुण्यांना कांदळवन दाखवायचा उद्योग सुरू केला. जे झाड सरपणाला तोडले जाई, तेच उभे राहून दोन पैसे देऊ लागले. आपण सहलीत जो पैसा खर्च करतो तो कुठे पडतो, हे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

जायचे कधी, वेळ कशी साधायची?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. ऊन सोसते आणि पाणी नितळ असते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने किल्ल्याच्या होड्या बंद असतात. रेल्वेने गेलात तर कुडाळ किंवा कणकवलीला उतरून पुढे एस. टी. वा रिक्षा.

आता भिंतीवरची दिनदर्शिका काढा. भरती-ओहोटीचा एक सोपा हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. जो आकडा येईल, त्या सुमाराला मुंबईकडे भरती असते. चतुर्थीचे चार, त्यांची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनला भरती. मधे सुमारे सहा तासांनी, सकाळी नऊच्या आसपास, ओहोटी. मालवण दक्षिणेला असल्याने तेथे हे सारे साधारण तासभर आधी होते. म्हणजे तृतीया-चतुर्थीला गेलात, तर सकाळी सात-आठच्या सुमारास पाणी ओसरलेले मिळेल. हा आपला घरगुती अंदाज, बरं का. पक्की वेळ होडीवाल्या मामांनाच विचारावी. ते घड्याळ न पाहता सांगतील!

ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावर जा. खडकांच्या खळग्यांत पाणी साठून राहिलेले असते. दहा मिनिटे गप्प बसून पाहिले की खेकडे बाहेर येतात, शंख चालू लागतात, हात लावताच मिटणारी समुद्रफुले दिसतात. मुलांना हा खेळ कोणत्याही पाळण्यापेक्षा आवडेल. ऊन चढायच्या आत हे उरकून मग किल्ल्यावर जावे. पद्मगडाकडे ओहोटीला पाण्यातून चालत जाता येते. पण जाणत्या स्थानिक माणसाशिवाय जाऊ नका. भरती पाठीमागून येते आणि परतीची वाट बुडते.

बरोबर काय घ्यावे?

पायांत कॅनव्हासचे बूट हवेत. खडक शेवाळाने निसरडे असतात आणि कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. नव्या चपला, टाचेच्या सँडल घरीच ठेवा. साडीच नेसायची असेल तर सुती आणि जरा वर खोचलेली. नाहीतर सलवार-कमीज सोयीचा. मुलांना टोप्या, सर्वांना भरपूर पाणी. होडी लागत असेल त्यांनी भरल्या पोटी निघू नये. लिंबू जवळ ठेवावे, आणि औषध घ्यायचे तर डॉक्टरांना विचारून घ्यावे. खाण्यासाठी थालीपीठ, धपाटे, कोरडी चटणी स्टीलच्या डब्यात न्यावी. प्लॅस्टिकच्या पुड्या नेल्या तर त्या उडतातच, आणि कासव त्यांना खाद्य समजून गिळते.

सासूबाई बरोबर असतील तर होडीत चढता-उतरताना होडीवाल्याचाच हात धरायला सांगा. किल्ल्यात फिरताना तटावरच्या उभ्या पायऱ्या त्यांनी चढू नयेत. मंदिराच्या सावलीत बसावे, वाराही छान लागतो.

आणि लाइफ जॅकेट! "साडी चुरगळते", "फोटो चांगला येत नाही", या सबबी नकोत. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. जॅकेट सर्वांनी घालायचे आणि बंद नीट बांधायचे. पुरतील इतकी जॅकेटे नसतील किंवा माणसे जास्त कोंबली असतील, तर त्या होडीत बसायचे नाही. यांनी "चल गं, काही होत नाही" म्हटले, तरी बसायचे नाही. येथे बाईने हट्ट धरावाच.

परतल्यावर खारे कपडे आधी गोड्या पाण्यात दोनदा खळबळून काढा, मगच साबण लावा. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि साबण मात्र संपतो.

पाहुण्यांच्या रीती

शंख-शिंपले गोळा करण्याचा मोह मुलांना होतोच. पण जो शंख आपण घरी आणतो, त्यात बरेचदा जीव असतो. दुसऱ्या दिवशी पिशवीतून घाण वास येतो, तो त्याच्या मरणाचा. रिकामा शंखही वाया जात नाही. अंगावर कवच नसलेला एक खेकडा तो घर म्हणून वापरतो. मुलांना सांगा, "कुणाचं तरी घर आहे ते, जिथे होतं तिथे ठेव." मुलांना हे मोठ्या माणसांपेक्षा लवकर पटते. प्रवाळाचा तुकडा तर उचलू नये आणि विकतही घेऊ नये. अशा प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, वाघाला असते तसे.

पाण्यात डोके घालून मासे पाहायचे असतील तर प्रवाळावर उभे राहू नका. माशांना पाव-बिस्किटे टाकू नका. आपल्या घरच्या मुलाला आल्या-गेल्याने रोज गोळ्या दिल्या तर तो जेवेल का? हिवाळ्याच्या दिवसांत या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री वाळूत अंडी घालायला येतात, एका वेळी शंभराच्या आसपास. अंड्यांतून निघालेली पिल्ले उजेडाच्या दिशेने धावतात. म्हणून रात्री किनाऱ्यावर बॅटरीचे झोत टाकू नयेत. पिल्ले समुद्र सोडून भलतीकडे जातात.

जेवायला घरगुती खानावळीत जावे. कुणी वहिनी, कुणी काकी हातांनी वाढतात. सोलकढी, घावणे, वडे, जे ताजे असेल ते खावे. सुरमईच हवी असा हट्ट नको. बांगडा, पेडवे हेही चविष्ट, आणि खिशालाही बरे. अंड्यांनी भरलेली मासळी आणि अगदी बारकी पिल्ले मागू नयेत. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, ती माशांच्या विणीसाठीच. बाजारात मासळी घेताना घासाघीस करावी, पण पहाटेपासून ओल्यात उभ्या असलेल्या बाईशी दोन रुपयांसाठी वाद घालू नये. निघताना आल्या-गुळाचा मालवणी खाजा आणि कोकम तेथल्याच बाईकडून घ्या.

अभयारण्याची पाटी शासन लावते. पण त्यातली शिस्त प्रत्येक घरच्या बाईच्या डोळ्याच्या धाकावर चालते. डब्याचे झाकण लावताना "कागद पिशवीत टाक" असे आपण म्हणतो, तेवढ्यानेही एका कासवाचा जीव वाचू शकतो. मालवणहून परतताना पिशवीत खाजा असावा, कचरा आपलाच असावा, आणि शंख तेथेच राहिलेला असावा.

तुमच्यापैकी कुणी मालवण, वेंगुर्ले, देवगड या बाजूच्या असाल, तर घरगुती मुक्कामाच्या, स्वच्छ न्हाणीघर असलेल्या जागांविषयी जरूर कळवा. शहरातल्या बायकांना सहलीत सर्वांत आधी तीच काळजी असते. पुढच्या आठवड्यात कोकमांविषयी: आगळ घरी कसे टिकवायचे आणि बाजारातले खरे कसे ओळखायचे.